लांजेवारभाऊंचा पिस्ता रंग

लांजेवारभाऊ ऑफिसात आले की खुर्ची ओढायच्या आधी कॉम्प्युटरचा रंग बदलत. आमचं ऑफिस भिलाईच्या पोलाद कारखान्यातून तारेच्या कॉइल रवाना करणाऱ्यांचं. सगळ्या पाळ्यांना मिळून एकच जुना कॉम्प्युटर आणि पासवर्डही एकच. भाऊंची पाळी संपून माझी सुरू झाली की समोर हिरवी एक्सेल, हिरवा मेल, सगळीकडे पिस्ता. मी वैतागून पांढरं करायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिस्ता हजर.

"भाऊ, कावून करता हे?"

"भट्टीतली आग आमी निळ्या काचेतून पाहात होतो, भोयरजी. अन् ही पांढरी भट्टी तुमी आठ घंटे बिना काचेची पाहून राहिले! डोळे का पावर हाउसच्या बाजारात भेटतेत?"

भाऊ मूळचे भट्टीवाले. वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईला आलेले. जवानीत ठिणगी उडून भाऊंचा उजवा डोळा गेला आणि ते टेबलावर आले. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांना रिटायर होईपर्यंत निभवायचं होतं. तोही अधू झाला तर नोकरी संपलीच. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी तोंडावर बोलत नसे. पण माणसानं सोसावं तरी किती? पाळी संपली तरी हे रेंगाळणार आणि मी बेरीज करत असलो की मागून ओरडणार, "डोळे मिचका, भोयरजी! बाहेरचा निंब पाहा!" निंब पाहून परत येईपर्यंत बेरजेचा पत्ता नसायचा.

मग व्हायचं तेच झालं. तपासणीत अडकलेल्या कॉइल आम्ही यादीत फिक्या हिरव्या रंगानं रंगवायचो. पिढीजात पद्धत. त्या दिवशी घाईत मी भाऊंचा पिस्ता तसाच ठेवला आणि त्या पिस्त्यात आमचा फिका हिरवा साफ बुडाला. अडकलेली कॉइल मी ट्रेलरवर चढवली. गेटवर ती पकडली गेली म्हणून बरं, नाही तर माझं काही खरं नव्हतं.

साहेब लालबुंद. "ये हरा-वरा किसने किया? आज से सब सफेद रहेगा!"

साहेब गेल्यावर मी भाऊंवर तुटून पडलो. "तुमच्या एका डोळ्यापायी आमाले घरी बसवता का?"

भाऊ चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. मला त्याचाही राग आला. भांडावं तर माणसानं उलटून बोलावं ना!

ही कटकट एकदाची मिटावी म्हणून मीच साहेबांच्या मागे लागलो आणि भाऊंसाठी वेगळं लॉगिन मिळवलं. "घ्या. आता तुमच्या लॉगिनमधी हिरवं करा, नाही तं जांभळं करा. आमच्याले हात लावू नका."

"चांगलं केलं," भाऊ म्हणाले.

काही दिवसांनी मी पाळीवर जरा लवकर पोचलो. भाऊ नाक स्क्रीनला टेकवून बसले होते, आणि स्क्रीन पांढरीशुभ्र. माझा पारा चढला. एवढी साहेबांची मनधरणी केली ती कशासाठी?

"भाऊ, तुमची पांढरी कावून?"

"माझ्या डोळ्याचं डॉक्टरनं कधीच सांगून टाकलं, भोयरजी. आतून सुकून राहिला मनते. हिरवं असो का पांढरं, त्याले काही फरक नाही."

"मंग इतके दिवस रोज रोज हिरवं कोणासाठी करून राहिले होते?"

"तुमच्यासाठी. तुमचे दोन्ही शाबूत आहेत ना."

मला भयंकर राग आला. असं कोणी करतं का? सांगायला काय झालं होतं या माणसाला? मी बाहेर जाऊन निंबाखाली उभा राहिलो आणि रडलो.

रिटायर होईपर्यंत त्या डोळ्यानं साथ दिली नाही. भाऊ आता बोरसीला मुलीकडे असतात. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. मी दर रविवारी फोन करतो, आणि दर रविवारी ठरवतो की आज मीच आधी विचारायचं, भाऊ, कसे आहात? पण हा माणूस जिंकू देत नाही. फोन उचलल्या उचलल्या म्हणतो, "बोला भोयरजी, डोळे कसे आहेत तुमचे?"