मामांची रक्ताची वही

श्रावणात एका मंगळवारी माझी मुलगी गेली. ती एकवीस दिवसांची होती. तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे आणि त्याआधीपासूनचे मामा, ओसरीवर वही लिहीत बसले होते. त्यांनी वर पाहिले आणि टाक पुसला.

मामा निपाणीकडचे देवी डॉक्टर. डॉक्टर हा लोकांनी दिलेला मान. शिक्षण इंग्रजी तिसरीपर्यंत. तट्टावर बसून गावोगाव जायचे आणि मुलांच्या दंडावर देवी टोचायच्या, एवढेच काम. पण जन्मलेले प्रत्येक मूल आपल्या हाताखालून जाते, याची त्यांना धुंदी चढली होती. सरकारी नोंदीखेरीज त्यांनी स्वतःची एक वही ठेवली. नाव, गाव, जात, व्यंग, कारण असे तिचे रकाने. ओठ फाटलेली, पाय वळलेली, बोटे जुळलेली मुले कोणत्या जातीत किती, हे त्यांना मांडायचे होते. "रक्त बोलतंय रं," ते म्हणत, "आपण नुसतं लिवायचं." मी बोरगावच्या शाळेत मास्तर. माझे अक्षर बरे, म्हणून सुट्टीत त्या वहीची स्वच्छ प्रत मी करायची. मी करीतही असे.

हात त्यांचा हलका होता, हे सांगायला मला आवडत नाही, पण खरे आहे. टोचून झाले की दंडावर फुंकर घालीत आणि मुलाच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवीत. मग त्याच हाताने त्याच्या सात पिढ्या वहीत बुडवीत.

एकदा बोरगावच्या चावडीवर कुंभारवाड्यातली तानूबाई पोर घेऊन आली. पोराचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. मामांनी टाकाच्या मागच्या टोकाने तो ओठ सगळ्यांदेखत उचलून पाहिला. "कुंभार. रक्तच पातळ यांचं. कारण लिही, गिरणात चिरणं-कापणं." ग्रहणात गरोदर बाईने काही चिरले की पोराचा ओठ फाटतो, असा समज.

तानूबाई म्हणाली, "गिरणात मी काय बी चिरलं न्हाय, देवीडाक्टर. आमच्यात चिरायला व्हतं काय? आन् माझं पोरगं मोठ्यांदा रडतंय, ते बी लिवा की."

चावडी हसली. मामांनी ते लिहिले नाही.

तिथून आम्ही एका इनामदारांकडे गेलो. तिथे आधी चहा आला. मग आतल्या दाराचा पडदा जरासा हलला आणि बाळाचा एक दंड बाहेर आला. नुसता दंड. मामांनी अदबीने टोचले, पडद्याला नमस्कार केला आणि मला सांगितले, "लिही, निर्दोष."

"मामा, आपण मूल पाहिलं नाही."

"थोरामोठ्यांच्या घरात काय बघायचं असतंय?"

मामांचे सगळे शास्त्र ते एवढेच. गरिबाने पोर उघड्यावर आणायचे आणि श्रीमंताने दाराआडून दंड काढायचा. मग गरिबांचे रक्त नासके निघणारच. इतका नेमका मूर्ख मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचा लेखनिक तर त्याहून थोर. कानडी घरांत मामा-भाचीची लग्ने होतात म्हणून ते नाक मुरडीत. "मामाच नवरा! मग पोरं कशी नीट निपजत्याली?" एवढे म्हणूनही त्यांनी आपली मुलगी वैजू मला, सख्ख्या बहिणीच्या मुलाला, दिली. विचारले तर म्हणाले, "त्यांचं न्यारं, आपलं न्यारं. आपलं रक्त गाळून घेतल्यालं हाय."

वैजू बाळंतपणाला निपाणीला गेली. मुलीचा ओठ फाटलेला होता आणि टाळूही दुभंगलेली. कशाने झाले, मला आजही ठाऊक नाही. तिला ओढून पिता येईना. दूध नाकातून परत येई. सुईणीकडून तानूबाईच्या कानावर गेले तशी ती चालत निपाणीला आली आणि परसातूनच वैजूला म्हणाली, "आक्का, मिरजंच्या मिशन दवाखान्यात न्या. आदी दूध कसं पाजायचं ते दावत्यात, मग मोठं झाल्यावर शिवत्यात. माझं शिवलंय बगा." तिने पोराला पुढे केले. त्याच्या ओठावर शिवणीची रेघ होती आणि तोंडात भाकरी.

मिरजेला कोल्हापूरवरून जावे लागे, म्हणून मी कोल्हापूरच्या मोटारीची चौकशी केली. मामांनी दार अडवले नाही. ओसरीवर बसून ते शांतपणे म्हणाले, "तिथं नाव लिवत्यात, जात लिवत्यात, नवरा-बायकोचं नातं इचारत्यात. मी जलमभर लोकांची रक्तं लिवली. आता माझं कुणी लिवायचं?"

"आबा, प्वार उपाशी हाय," वैजू म्हणाली.

"बोंडल्यानं पाज. चार दिस कळ काढ."

"चार दिस तिच्याकडं हाईत व्हय?"

वैजूने माझ्याकडे पाहिले. मी शिकलेला, नोकरीचा, मुलीचा बाप. मामांच्या ओसरीवरून एक पोर उचलून मोटारीत बसायला किती बळ लागते? मी म्हणालो, "चार दिवस बघू." सहाव्या दिवशी मंगळवार होता.

शेजारी विचारायला आले तेव्हा मामा म्हणाले, "ताप भरला." लोकांनी मान हलवली. आतल्या खोलीत कुणाला येऊ दिलेच नव्हते.

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्याला आलेल्या एका वकिलांनी वही चाळली आणि "हे छापले पाहिजे" म्हणाले. वैजू ताटे वाढत होती. ती म्हणाली, "छापा की. पर आदी आमच्या घरचं पान लिवून घ्या." वकिलांना काही कळले नाही.

तो दिवस टळला आणि मी ते पान लिहायला बसलो. गाव लिहिले, जात लिहिली, व्यंग लिहिले. व्यंगाचे कारण ठाऊक नव्हते, मरणाचे होते; कारणाच्या रकान्यात माझे आणि मामांचे नाव लिहिले. पहिला रकाना मुलाच्या नावाचा. बारशाला बायका जमतील, पाळण्यात डोकावतील, म्हणून मामांनी बारसे पुढे ढकलले होते. तो रकाना रिकामा आहे.