हवेलीची बायकांची बाजू

दोह्याबाहेर एक जुनी हवेली आहे. कुणा शेखानं थंडीच्या दिवसांत राहायला बांधलेली. आता तिथं कुणी राहत नाही, नुसती बघायला उघडी असते. तिला दोन दारं. मोठं कोरीव दार पुरुषांचं, ते थेट मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत उघडतं. मागच्या बाजूचं बुटकं दार बायकांचं.

बायको होती तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. राखणदार म्हणाला, "किधर से भी जाओ." पण आम्ही रत्नागिरीकडची माणसं. आमच्यात लग्नाच्या जेवणालासुद्धा पुरुष इकडं, बायका तिकडं. सवयीनं मी मोठ्या दारानं शिरलो, ती मागच्या. अर्धं अर्धं घर बघून परत आलो.

गाडीत वाद. मी जन्मभर गिलावा केलेला माणूस. सांगत होतो, भिंती हातभर जाड, जिप्समात कोरलेली पांढरी वेलबुट्टी, छताला रंगवलेले वासे. ती म्हणाली, "अवो, तुमच्याकडं नुसता रुबाब. वारा सगळा आमच्याकडं. आणि मजलिसमध्ये एवढं तोंड फाडून जांभई देतात होय? शेख असता तर हाकललं असतं तुम्हाला."

"तुला कुणी सांगितलं?"

"घरानं," म्हणाली आणि हसत बसली. पुढंही कितीदा विचारलं. सांगितलं नाही ते नाहीच.

ती गेली. मी इथंच दोह्यात, मदिनत खलीफात मुलाकडं राहतो, पण आता गावी चाललोय, कायमचा. सुनेला म्हटलं, जाण्याआधी मला हवेलीची तिची बाजू बघायचीय.

सून घेऊन गेली. मागच्या दाराशी पाय अडला. आत कुणी नाही हे ठाऊक, तरी दुसऱ्याच्या बायकांत घुसल्यासारखं वाटलं. मी आपला खाकरलो.

"अब्बा, कुणी नाहीये. यल्ला, चला."

"तुझी सासू असती तर ओरडली असती."

"मग मी पुढं जाऊन सांगते त्यांना," म्हणाली आणि गेली. आतून हाक आली, "या अब्बा."

दारातून शिरलं की समोर भिंत. रस्त्यावरच्याची नजर आत जाऊ नये म्हणून. वळसा घेतला की अंगण, कमानींचा ओटा, त्याला लागून एक खोली. कोरीव काम काही नाही. साधा गिलावा, तोही खडबडीत. पण वारा होता. खरंच होता.

खोलीच्या भिंतीत, खाली बसणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर येईल अशी जाळी होती. गुडघे धरत बसलो, डोळा लावला. पलीकडं मजलिस. मी त्या दिवशी बसलो होतो ती गादी बरोबर समोर. रिकामी.

एवढं मोठं घर बघायला आणलं होतं हिला. आणि ही इथं बसून माझं थोबाड बघत होती.

सून म्हणाली, "अब्बा, निघायचं?"

म्हटलं, "बस जरा. वारा आहे."