आबांनी शिवलेला झगा

मी आठवीत शाळा सोडली. वर्गात मला ‘पावडर’ म्हणत. आमचे आजोबा मिशनच्या दुधाच्या पावडरीसाठी बाटले, ख्रिस्ती झाले, असे मुलांनी घरी ऐकलेले असे. वडील समजावून थकले आणि एके सकाळी मला शामुवेल आबांच्या शिलाईच्या दुकानात घेऊन गेले. आबांनी कारण विचारले नाही. “बस. सुई धरता येस का?” एवढेच म्हणाले. आबांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

आज आबा साठ वर्षांचे होत आहेत. चर्चची मंडळी आणि गाव मिळून ही स्मरणिका काढत आहेत, आणि त्यांचा शिष्य म्हणून मला लिहायला सांगितले आहे. कटू काही नको, अशीही सूचना आहे. ती पाळून मी दोन वेळा लेख लिहिला आणि दोन्ही वेळा तो मलाच खोटा वाटला.

आबांच्या कामाविषयी गावाला सांगायला नको. धुळ्याच्या बाजारात तयार कपडे आले तरी आपल्या गावाने आबांचा गळा आणि आबांची बाही सोडली नाही. प्रत्येक कापडावर गिऱ्हाइकाचे नाव खडूने लिहायचे काम माझ्याकडे होते. नाव अशुद्ध लिहिले की आबा ते पुसायला लावत. “मानूसनं नाव शे ते,” म्हणत. माझे जे काही शुद्धलेखन आहे, ते शाळेचे नाही.

होळीनंतर आपल्या गावात सोंगे निघतात. राक्षस, अस्वल, वीर, सगळ्यांचे कपडे आबाच शिवून देत. मी दुकानात असताना एका वर्षी गावातील एक गृहस्थ पांढरे कापड घेऊन आले.

“आबा, झगा शिवाना शे. पायघोळ.”

“कोनता सोंगले?”

“पाद्रीनं सोंग काढानं शे औंदा,” ते हसून म्हणाले. मागे उभे असलेले दोघेही हसले.

मी कात्री खाली ठेवली. मला वाटले, आता तरी आबा नाही म्हणतील. आबांनी गळ्यातली टेप काढली. “सरळ उभा ऱ्हाय. सोंग व्हई तरी आंगवर नीट बसाले जोयजे.” आणि त्यांनी खांद्यापासून घोट्यापर्यंत माप घेतले. झगा त्यांनी मन लावून शिवला. खालची दुमड तर हाताने घातली.

मिरवणूक दुकानासमोर आली. त्या गृहस्थांच्या अंगात झगा, एका हातात लाकडाचा क्रूस, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. ते दारासमोर थांबले आणि पावडर वाटायला आल्यासारखे ओरडले, “ये वं मार्था! डबा लई ये! पावडर वनी!”

मार्थाअक्का म्हणजे आबांच्या पत्नी. त्या दुकानाच्या आतल्या दारात उभ्या होत्या. सगळा रस्ता हसला. ज्यांच्या मुलींच्या पोलक्यांना अक्कांनी काजे-बटणे करून दिली होती, त्या बायकाही हसल्या.

मी उठलो. आबांनी माझा दंड धरला. ते स्वतः खाली उतरले, माठातले पाणी तांब्यात घेऊन त्या गृहस्थांपुढे धरले. “ऊन शे भाऊ. पानी पी.” त्यांनी तांब्या घेतला, सगळ्यांना दाखवला आणि पाणी रस्त्यावर ओतले. आबांनी रिकामा तांब्या परत घेतला आणि म्हणाले, “तीस लागनी तं ये, पानी शेच.”

त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. आबांना म्हणाल्या, “तुम्हीन माफ करी टाकं. माले कोन्ही इचारं का?” आबांनीही आपले ताट बाजूला सारले आणि ते अक्कांजवळ जाऊन बसले. पुढे अक्का चौकातून जाईनाशा झाल्या. प्रार्थनेला धुळ्यात देवपूरच्या चर्चला जायचे तरी मागच्या गल्लीने एस.टी. गाठत. त्या वारल्या, तेव्हा खड्ड्यात माती टाकायला आम्ही मोजकीच माणसे होतो.

मी एकदा आबांना विचारले, “तुम्हाला हे माफ करणे जमते तरी कसे?” आबा मशीनला तेल देत होते. म्हणाले, “एकदाव सोडीसन नही भागत, भो. रोज सोडनं पडस. सकाळे उठस, तं ते परत हातमा ऱ्हास.” माझा समज होता की प्रभूच्या माणसाला राग येतच नाही. आबांना रोज येतो, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर मी त्यांना जास्त मानू लागलो.

या सत्काराच्या बैठकीत झग्याचा विषय निघाला. तो घालणारे गृहस्थ आज समितीत आहेत. ते म्हणाले, “अहो, गंमत होती ती. आबांनी कधी मनावर घेतलं नाही. म्हणून तर ते मोठे!” सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला बोलायचे आहे ते हेच. आबांनी क्षमा केली, याचा अर्थ गावाने असा काढला की काही घडलेच नाही. एका माणसाने वर्षानुवर्षे गिळलेले आपण त्याचा स्वभाव म्हणून खपवले आणि आता त्याच स्वभावाला शाल पांघरणार आहोत. मला आबांसारखे सोडता येत नाही. प्रयत्न करतो; अजून जमलेले नाही.

हे सगळे लिहिणार असल्याचे मी आबांना सांगितले. त्यांनी हातातले शिवण बाजूला ठेवले. मग म्हणाले, “लिख. खरं शे ते लिख. पन त्यानं नाव नको लिखू. त्याना पोरं वाचतीन.” म्हणून ते नाव इथे नाही.

परमेश्वर आबांना भरपूर आयुष्य देवो. त्यांची नजर सुईच्या नेढ्याला साथ देवो, गुडघे मशीनला साथ देवोत. आजवर त्यांनी जेवढी क्षमा केली, ती सगळी कुणी न मागता केली. अक्कांकडे क्षमा मागायला आता कुणाला जाता येणार नाही. आबांचे दुकान मात्र उघडे असते. कुणीतरी येऊन मागितलेली क्षमा एकदा तरी आबांच्या हातून दिली जावो, तेवढे त्यांनी जगावे.