नाखवाचे भडक ओटे

नाखवाला होडीत बसवलं की पाच मिनिटांत उलटी व्हायची. जन्म खारदांड्याचा, बाप आणि दोघं भाऊ मासेमारीवर, आणि याला समुद्र लागायचा. म्हणून तो सुतारकाम शिकला आणि अंधेरी-पार्ल्यात लोकांची स्वयंपाकघरं करून द्यायला लागला. नाखवा म्हणजे होडीचा मालक. हे नाव भावांनी चिडवायला ठेवलेलं. या पठ्ठ्यानं ते थेट कार्डावर छापून घेतलं.

फिक्या रंगांशी त्याचं वैरच होतं. बदामी, राखाडी, ऑफ व्हाइट असं काही म्हटलं की तोंड वाकडं करायचा. "हा रंग आजारी हाय, ताई. याला आधी डॉक्टरकडं न्या." होड्या कशा लालभडक, हिरव्यागार असतात, लांबूनही आपली कुठली ते कळतं, मग ओट्यानंच काय पाप केलंय, असा त्याचा सवाल. आमच्या समोरच्या काकूंना त्यानं जांभळ्या ट्रॉल्या गळ्यात मारल्या. काकू चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत आणि पाचव्या दिवसापासून अख्ख्या सोसायटीला ते किचन दाखवत सुटल्या.

मी त्याला बोलावलं ते पांढरंशुभ्र किचन करायला. मैत्रिणीकडे पाहिलं होतं, तेव्हापासून डोक्यात भूत बसलं होतं. शिवाय मनात आणखी एक होतं. सासूबाईंना काचबिंदू झालेला, नजर दिवसेंदिवस कमी होत चाललेली. एकदा पदर गॅसपाशी गेला तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. नवं किचन झालं की स्वयंपाकाला बाई ठेवायची आणि आईंना हॉलमध्ये बसवायचं, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. बाईशी बोलणंही झालं होतं. आईंना विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

नाखवाची एक खोड होती. ज्या घरचं काम घ्यायचं, तिथे स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय टेप बाहेर काढायचा नाही. "माप ओट्याचं मंग. आधी माणसाचं."

"आईंना काचबिंदू झालाय. आता बाई येणार आहे," मी म्हटलं.

"मंग आज चहा मावशींच्या हातचा."

आईंनी चहा केला. आमचा जुना ओटा पांढरट संगमरवरी, कप पांढरे. निम्मा चहा कपात गेला, निम्मा ओट्यावर. आई तशाच गाळणं धरून उभ्या राहिल्या. मी नाखवाकडे 'बघितलंत ना' अशा नजरेनं पाहिलं. त्यानं खिशातल्या रुमालानं ओटा पुसला, पिशवीतून काळ्या सनमायकाचा तुकडा काढला आणि रिकामा कप त्यावर ठेवला. "मावशी, आता ओता." आईंनी ओतला. सगळा कपात.

"पांढऱ्यावर पांढरं मलापण दिसत नाय," तो म्हणाला आणि फुर्र फुर्र करत चहा प्यायला.

झालं. माझ्या पांढऱ्या किचनचे बारा वाजले. ओटा काळाकुळकुळीत, त्याच्या कडेला पिवळीधमक पट्टी, भिंत मोरपिशी, सुऱ्यांचा खण लाल. वर आणखी तऱ्हा म्हणजे गॅसच्या बाजूला खडबडीत कडप्पा, बेसिनजवळ गुळगुळीत स्टील, सुऱ्यांच्या खणाला लाकडी मूठ आणि बाकी सगळ्यांना पितळी. मी वैतागले. "नाखवा, ही काय खिचडी लावलीय?"

एरवी सोसायटीला ऐकू जाईल असा बोलणारा माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, रंग किती वर्सं दिसंल त्यांना? मंग हाताला कळलं पायजे ना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी बाईला फोन करून नको म्हणून सांगितलं.

त्याला सहा वर्षं झाली. मधल्या काळात बिजागऱ्या आवळायच्या निमित्तानं तो दर दोन-तीन महिन्यांनी यायचा, आणि नेमका जेवायच्या वेळेला. आईंच्या हातची आमटी वाटीनं प्यायचा. आता आईंना रंग दिसत नाहीत. कडप्पा लागला की हात जपून जातो, स्टील लागलं की नळ सापडतो. रोजचा स्वयंपाक त्याच करतात.

गेल्या महिन्यात नाखवाच्या भावाचा फोन आला. नाखवा झोपेतच गेला होता. मी रडले, खूप रडले. आई उठल्या आणि बेसनाचा डबा काढला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भात शेजारपाजारच्यांनीच न्यायचा असतो.

"मी करते, आई."

"नको."

मला राहवलं नाही. "आई, मी तेव्हा बाई ठेवणार होते. तुम्हाला इथून उठवणार होते."

"ठाऊक आहे गं मला," त्या म्हणाल्या. "सर बाजूला. फोडणी उडेल."

पिठलं त्यांनी केलं, भातही त्यांनीच लावला. मी फक्त डबा खारदांड्याला पोचवला.