मुका मार

आमच्या मोठ्या काकांना म्हणे हाडांतलं कळायचं. कचेरीत कारकुनी करून पेन्शनीत निघालेला माणूस, पण घाटकोपरच्या आमच्या आळीत कोणाचा पाय मुरगळला की आधी यांना बोलावणं. वडील त्यांच्यापुढे मान वर करत नसत. दादा म्हणतील ती पूर्व दिशा.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली होती. बाजारातून येताना आईच्या मांडीवरून लॉरीचं मागचं चाक गेलं. इस्पितळात एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं, घरी पाठवलं. झालं! काका तो एक्स-रे खिडकीशी धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसले, जणू ते हाड यांनीच घडवलं होतं. वरून खरचटलंसुद्धा नाही, म्हणजे नुसता मुका मार. तेल लावा, शेक द्या, आठ दिवसांत चालेल, असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

आठ दिवसांत मांडी फुगली. बोट लावलं की कातडी इकडून तिकडे सरकायची, आत पाणी डुचमळायचं. मी तेव्हा बावीस वर्षांची, फोर्टात टायपिस्ट. म्हटलं, पुन्हा डॉक्टरला दाखवू या. काका हसले. दुखतंय का तिला? नाही ना, मग उतार पडतोय. विटेचा शेक वाढवा, पाणी आटेल. डोंबल आटेल! पण आईला खरंच दुखत नव्हतं. फडक्यात गुंडाळलेली गरम वीट मी ठेवायचे आणि ती म्हणायची, "लागतच नाही गं, अजून तापव."

कातडी काळी पडली तेव्हा कोणाला न विचारता मी टॅक्सी आणली आणि तिला शहरातल्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी मांडीला टाचणी टोचली. आई पंख्याकडे बघत होती, तिला पत्ताच नाही. चाकाने कातडी आतल्या आत मांसापासून सुटली होती, त्या पोकळीत रक्त-पाणी साचलं होतं. बारीक नसाही तुटल्या, म्हणून दुखेना. हे एक्स-रेत दिसत नाही, चाचपून कळतं, असं ते म्हणाले. लवकर आणलं असतं तर सुईने पाणी काढून घट्ट पट्टी बांधून कदाचित भागलं असतं. आता मेलेली कातडी कापायची, दुसऱ्या मांडीची लावायची. पाय राहील का, विचारलं, तर म्हणाले, बघू.

"भाजलंयसुद्धा. शेक कोणी दिला?"

"काकांनी," मी म्हणाले. काकांनी जन्मात वीट उचलली नव्हती. आईने पंख्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

पाय वाचला. गुडघा मात्र वाकेना. पुढे आई पाटावर बसून कधी जेवली नाही.

काका भेटायला आले आणि खाटेशेजारच्या चार माणसांना सांगू लागले, हाड शाबूत आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. निर्लज्ज मेला! चांगलं तोंडावर सुनावावं म्हणून मी उठले, तोच आईने मनगट धरलं.

"त्यांना बोललीस," ती हळूच म्हणाली, "तर मला तुलाही बोलावं लागेल."

मी खाली बसले.