गोधडी घेऊन माळव्यात

मे महिन्यात इंदूरच्या स्टेशनावर उतरले, तेव्हा माझी सर्वांत फुगलेली बॅग पाहून रिक्षावाल्याने विचारलं, "माताजी, इंदौर आए हो के शिमला?"

त्याला काय ठाऊक! लेकीच्या बाळंतपणाची तयारी मी शिस्तीत केली होती. लोकरीची कुंची, पायमोजे, गोधडी, धुरीसाठी ओवा आणि चक्क मातीची शेगडी. माझी आई इंदूरची. "माळव्यात दिवस कितीही तापो, रात्र गार. बाळाला जपायचं ते रात्री," हे तिचं वाक्य माझ्यासाठी कायदाच होतं.

माझी लेक मृणाल इंदूरच्या भंवरकुआं भागात कॉलेजात शिकवते. तिचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. आल्या आल्या जिरावन (इंदुरी मसाला) भुरभुरलेले पोहे खाल्ले आणि मी ताबा घेतला. संध्याकाळी नुकत्याच जन्मलेल्या नातीला न्हाऊ घातलं, खिडक्या लावल्या, शेगडी पेटवून शेक दिला, धुरी दिली आणि कुंची घालून घट्ट गुंडाळलं.

"आई, भट्टी झालीय खोलीची."

"बाळंतिणीने वाऱ्यात बसू नये. थांब, आता गार होईल."

झालंच नाही. अंधार पडला तरी भिंती तापलेल्याच. नात लालबुंद झाली, अंगाला हात लाववेना, छातीशी धरलं तरी तोंड उघडेना. रडतही नव्हती. मृणालने कुंची ओढून काढली आणि तिला उचलून तशीच जिना उतरली. मागे मी, हातात पायमोजे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई इंदुरी मराठी. "आजीजी, इतकी पैकिंग? पार्सल करायची होती काय नातीला?"

मी शेगडीचं सांगितलं. मग त्या हसल्या नाहीत. "पहले ठीक होतं हो. आता रात्रीही पारा उतरतच नाही यहाँ. इतक्या लहान बाळाला अंगातली गरमी बाहेर टाकता येत नाही. थोडा उशीर झाला असता तर..."

उघड्या अंगाची नात पंख्याखाली होती. बऱ्याच वेळाने तिने मान वळवून आईला शोधलं आणि पिऊ लागली. तेव्हा कुठे मी पायमोजे पर्समध्ये कोंबले.

उरलेला मुक्काम मी ओल्या पडद्यांची मुकादम होते. शेगडीत मृणालने तुळस लावली. गोधडी बॅगेत बसून गेली, तशीच बॅगेत बसून परत आली.

आई चुकली नव्हती. तिने मला तिच्या इंदुरातली रात्र सांगितली होती. मी ती न तपासता एका कोवळ्या जिवावर पांघरली.

परवा शेजारीण आली. सुनेच्या बाळंतपणाला नागपूरला निघाली होती. "तुझी तयारी चोख असते. काय काय नेऊ?"

म्हटलं, "बॅग नंतर भर. आधी सुनेला फोन कर आणि रात्री तिकडे गार होतं का, ते विचार."