रत्नप्रभाबाईंनी दिलेला बाप्तिस्मा

आमच्या चारकोपच्या सोसायटीत रत्नप्रभाबाईंइतकं सोवळं कोणी पाळत नाही. कांदिवलीच्या एका सूतिकागृहात त्या आयाबाई आहेत. ड्युटीवरून आल्या की थेट मोरीत जातात. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चहाच्या कपालाही शिवत नाहीत. सासरे गिरणीत होते, माहेर मालवणकडचं, आणि समोरच्याला बोलू द्यायचं नाही हा स्वभाव. मला त्यांचा धाक वाटायचा, अजूनही वाटतो.

अशा या बाईंनी दोन ख्रिस्ती पोरींना बाप्तिस्मा देऊन टाकला.

झालं असं की बोरिवलीची जेसिंता सातव्या महिन्यातच कळा येऊन दाखल झाली. जुळ्या मुली, सिझर करावं लागलं. मध्ये पडदा, त्यामुळे तिला दिसत काहीच नव्हतं, पण डॉक्टरांच्या आवाजावरून ती काय ते समजली. धाकटी हातची जाणार होती, थोरलीचाही भरवसा नव्हता. फादरना बोलवायला वेळ नव्हता. मूल बाप्तिस्म्याविना जावं हे ख्रिस्ती आईला सोसत नाही, आणि अशा प्रसंगी तो कोणीही देऊ शकतो, मग धर्म कुठलाही असो. तिनं जवळच्या आयाबाईला विनवलं, डोक्यावर पाणी ओता आणि मी म्हणते तसं म्हणा. बाईंनी वाटीत पाणी घेतलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते, असं दोघींच्या डोक्यावर पाणी ओतत म्हटलं. धाकटी थोड्याच वेळात गेली. थोरली मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत राहून वाचली.

ती घरी आली, तिनं बाळसं धरलं, तशी जेसिंताची सासू समारंभाच्या मागे लागली. पांढरा झगा शिवून आला, केटरर ठरला. आयाबाईनं वाटीभर पाणी ओतलं त्याला काय बाप्तिस्मा म्हणायचं, तो चर्चमध्ये रीतसर व्हायला हवा, असं तिचं म्हणणं. फादर पेचात पडले. बाप्तिस्मा जन्मात एकदाच होतो, झालेला पुन्हा देता येत नाही. शंकाच असेल तर ‘आधी झाला नसल्यास देतो’ असं म्हणून द्यायची सोय आहे, आणि सासूला ती पसंत पडली. जेसिंता मात्र हटून बसली. हिच्या बाप्तिस्म्यावर शंका घ्याल तर गेलेलीच्याही घ्याल, आणि तिला पुन्हा द्यायला ती आहे कुठे, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी फादर म्हणाले, त्या बाईंनाच घेऊन या, मी विचारतो.

पण रत्नप्रभाबाईंनी जेसिंताचे फोन घेणं केव्हाच बंद केलं होतं. दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना फैलावर घेणारी ही बाई, जेसिंताचं नाव निघालं की भांडी घासायला पळायची. जेसिंता शोधत शोधत माझ्या दारी आली, तेव्हा मीच बाईंना रिक्षात कोंबून नेलं.

चर्चच्या दारात वाडग्यात पवित्र पाणी होतं. येणारा माणूस त्यात बोट बुडवून कपाळापासून क्रूसाची खूण करतो, मनानं स्वच्छ होऊन आत जावं म्हणून. बाईंनी पदर खोचला आणि बाळाला उचलण्याआधी धुतात तसे मनगटापर्यंत हात खसाखसा धुतले. दारात वाट बघत उभ्या असलेल्या जेसिंताच्या सासूनं कपाळावर हात मारून घेतला. मला हसू आवरेना.

फादरनी त्यांना बाकावर बसवलं. पाणी डोक्यावरून वाहिलं का, शब्द कोणते म्हटलेत, हे विचारलं. दोन्ही उत्तरं बरोबर आली. मनात काय होतं, या प्रश्नावर बाई म्हणाल्या, हिच्या मनात होतं तेच माझ्या. फादरनी मान डोलावली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाप्तिस्मा जिवंत माणसालाच होतो. पाणी ओतलंत तेव्हा धाकटी जिवंत होती?”

मला त्यांचा रागच आला. आईच्या देखत असं विचारतात का? जेसिंता मांडीवरच्या पोरीला घट्ट धरून बाईंकडे बघत होती. बाईंना रडू कोसळलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

“होती,” त्या म्हणाल्या. “पाणी थंडगार होता, बाय. गरम करूक सुचला नाय माका. डोक्यार पडला तशी दचाकली, दोनय हात वर केल्यान. माका वाटता, त्या थंड पाण्यानच ती गेली. म्हणान तुझे फोन घेतलंय नाय.”

ती पाण्यानं गेली नाही, डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते, असं जेसिंतानं त्यांना सांगितलं. फादर म्हणाले की दोघींचाही बाप्तिस्मा झालेला आहे. आता थोरलीला पवित्र तेल लावायचं, झगा घालायचा, मेणबत्ती पेटवायची, पाणी घालायचं नाही.

जेसिंताचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. धाकटीला हलताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

“कसे केले हात, मावशी?” ती म्हणाली. “दाखवा ना.”

रत्नप्रभाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग दोन्ही हात, बोटं फाकवून, झटक्यात वर केले.

“पुन्हा,” जेसिंता म्हणाली.